खुळखुळा आधी उजवीकडून

४ फेब्रुवारी (गर्भ: बावीस आठवडे)

आजपासून ही वही. केंद्रातल्या नोंदी चौकटीत भराव्या लागतात, शेरा दोन ओळींच्या वर गेला की थोरल्या बाई लाल पेनाने कापतात. इथे मला कोणी कापणार नाही.

चौदा वर्षं मी लोकांची मुलं मोजतोय. डोक्याचा घेर किती, मान कधी धरली, कपाखाली लपवलेला ठोकळा शोधतं का, मागून आवाज झाला तर वळतं का. आमच्या बालविकास केंद्रात मूल जन्मल्यापासून सोळाव्या वर्षापर्यंत येत राहतं. तेरा-चौदाची झाली की पाय ओढत येतात आणि प्रत्येक प्रश्नाला खांदे उडवतात. मेंदूचा पुढचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो, विचार करून वागणं तिथून येतं, थोडी कळ काढा, असं मी त्यांच्या आयांना सांगतो. परवा एकीने विचारलं, मग ह्याच्या बापाचा कधी तयार होणार?

आता आमच्याच घरी मूल येतंय, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. एका मेंदूची पोटात असल्यापासून सोळाव्या वर्षापर्यंतची अखंड नोंद, तीही बापाच्या हातची, कुठे असेल असं मला वाटत नाही. हिला सांगितलं तर तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, आधी मूल बाहेर तर येऊ द्या. ही पुढच्या खोलीत लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते. तिच्या तोंडात टाचण्या असतात तेवढा वेळच माझं म्हणणं पुरं होतं.

२१ फेब्रुवारी (चोवीस आठवडे)

आता बाळाला ऐकू येऊ लागलं असणार. हिच्या हृदयाचे ठोके, शिलाई मशीनची घरघर आणि बाहेरचं बोलणं, भिंतीपलीकडून यावं तसं. जन्मल्यावर बाळ आईचा आवाज ओळखतं ते ह्या शिदोरीवरच.

म्हणून रोज कामावर जाण्याआधी पोटाशी बोलायचं ठरवलं. बसलो, पण बोलायला काही सुचेना. शेवटी तपासणीची पुस्तिका उघडून वाचायला लागलो, "मूल आईच्या मांडीवर बसवावे. परीक्षकाने समोर बसावे." ही इतकी हसली की मशीनवरून उठावं लागलं. बाळानेही लाथ मारली. पुस्तिका आवडली, असं मी धरतो.

हिच्या मनातून तो तिसऱ्या महिन्यातला ताप जात नाही. आठ दिवस अंग मोडून आलं होतं, मानेला गाठी आल्या होत्या. मी म्हटलं, सोनोग्राफीत डोक्याचा घेर बरोबर आहे, आता जुनं उकरून काढू नकोस.

८ जून (वय: २ दिवस)

मुलगी. डोक्याचा घेर ३४ सेंटिमीटर. मी स्वतः तीनदा मोजला, नर्स वैतागली.

कानाची तपासणीही झाली. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक नळी घालतात, अर्ध्या मिनिटाचं काम. कागदावर दोन हिरव्या खुणा आल्या. कागद फाइलला लावला.

खरं नाव ठरायचंय, पण हिने तिला बघितल्या बघितल्या बटण म्हटलं आणि ते चिकटलं. नाक खरंच बटणासारखं आहे. हिचा हात हातात घेऊन बसलो होतो. असं सुख मला झेपत नाही, म्हणून डोक्याचा घेर मोजत बसतो, एवढं मलाही कळतं.

१९ सप्टेंबर (३ महिने १३ दिवस)

बटण बोलते. आ, ऊ, अगू, आणि छताच्या पंख्याशी तर तावातावाने भांडते. हिने हाक मारली की दूध पितापिता थांबते.

आज केंद्रात नव्या आईबापांसमोर माझं भाषण होतं. बाळाच्या मेंदूत सुरुवातीला वाटाच वाटा असतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मोकळ्या मैदानासारखं समजा. जिथून रोज पाय पडतात तिथे पायवाट होते, जिथून कोणी जात नाही तिथे गवत उगवतं. बोलणं ऐकायची वाट पहिल्या दोन-तीन वर्षांत पडते, तेव्हा बोला, बोला, बोला. एका आजोबांनी विचारलं, आणि वेळ गेली तर? मी म्हटलं, नंतरही वाट पडते, पण घाम काढावा लागतो. टाळ्या पडल्या.

४ जानेवारी (६ महिने २९ दिवस)

केंद्राचा नियम आहे, परीक्षकाने तपासणीची पेटी घरी न्यायची नाही आणि स्वतःचं मूल तपासायचं नाही. मी तो मोडलेला नाही. माझ्याकडे आहे तो भंगारात काढलेला जुना खुळखुळा आणि लाल कडं. आणि मी तपासत नाही, खेळतो.

अंघोळीनंतर बटण हिच्या मांडीवर बसते, मी समोर. आधी कडं नाचवायचं, नजर त्यावर बसली की ते पटकन मुठीत लपवायचं आणि खुळखुळा वाजवायचा. आधी उजवीकडून, मग डावीकडून, मग पुन्हा उजवीकडून. पुस्तिकेत हाच क्रम आहे आणि हात त्याला इतका बसलाय की दुसरा सुचतच नाही. वळली की शाबासकी आणि पोटाला गुदगुल्या.

आज तिन्ही वेळा वळली. "बाबाबाबा" म्हणते. ह्या वयात त्याला काही अर्थ नसतो, हे मी आयांना रोज सांगतो. आज स्वतःला सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी (८ महिने १४ दिवस)

कमाल झाली. खुळखुळा उचलण्याआधीच बटण उजवीकडे वळली. कडं मुठीत गेलं रे गेलं की मान फिरवते. चौदा वर्षांत इतकं चलाख मूल माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

बडबड मात्र कमी झाली आहे. "बाबाबा" बंदच पडलं. पंख्याशी भांडण मिटलं, आता नुसती बघत राहते. माझ्यावर गेली असावी, कमी बोलणं आणि बारीक बघणं. हिचं म्हणणं, हाक मारली तरी बघत नाही. मी म्हटलं, तू दिवसभर हाका मारतेस, तिला कंटाळा आला असेल. आणि मशीन सुरू केलंस की लगेच तुझ्याकडे बघते ना? बघते. झालं तर मग.

११ मार्च (९ महिने ५ दिवस)

नऊ महिन्यांची तपासणी. थोरल्या बाईंनी घेतली, त्यांनीच मला हे काम शिकवलं. मागे बसून खुळखुळा वाजवायला नवी मदतनीस होती. मी काचेआडून पाहत होतो.

एकही चूक नाही. कपाखालचा ठोकळा शोधला, दोन ठोकळे एकमेकांवर आपटले आणि बाईंनी कडं लपवताच उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. बाई म्हणाल्या, असा कागद वर्षातून एखादा येतो. मला पेढा खाल्ल्यासारखं झालं.

परतताना ही घराजवळ आल्यावर म्हणाली, "ती आवाजाला नाही वळली. बाईंनी कडं लपवलं, तेव्हा वळली."

मी समजावलं की ह्या कामाची सवय नसलेल्या माणसाला असं वाटतं. कागदही दाखवला. तिने तो घडी घालून परत दिला.

२८ मार्च (९ महिने २२ दिवस)

हिने घरच्या घरी प्रयोग केला. बटण जमिनीवर बसलेली असताना मशीन सुरू केलं, तर तिने बघितलं. मग तिला पलंगावर जाड गादीवर बसवलं, पाठ मशीनकडे, आणि पुन्हा सुरू केलं. बघितलं नाही. मग तिच्या पाठीमागे पातेल्याचं झाकण टाकलं. तेव्हाही नाही.

"जमिनीतून तिला थरथर लागते. कानाने नाही कळत तिला," ही म्हणाली.

मी शांतपणे सांगितलं की एक मूल, एक गादी आणि एक झाकण ह्याला तपासणी म्हणत नाहीत. जन्मतःच दोन्ही कानांना हिरवी खूण आहे, नऊ महिन्यांना पूर्ण गुण आहेत. दोन कागद एका बाजूला आणि झाकण एका बाजूला. ती म्हणाली, कागद तुमचे आहेत, मुलगी माझ्याजवळ असते दिवसभर. जरा लागलं मला ते. मी काय पाहुणा आहे?

६ जून (१ वर्ष)

डोक्याचा घेर ४५. धरून चालते. शब्द अजून नाही, पण काहींना दीड वर्ष लागतं.

शेजारची चार मुलं बोलावली होती. बटणच्या पाठीमागेच एक फुगा फुटला, ती चारही मुलं भोकाड पसरून रडली. बटण टाचण्यांचे रिकामे डबे एकावर एक रचत होती, ती रचतच राहिली. सासूबाईंना म्हटलं, बघा एकाग्रता. त्या उठून आत गेल्या.

१४ डिसेंबर (१ वर्ष ६ महिने)

दहा तारखेला अठरा महिन्यांची तपासणी झाली. ठोकळे, आकार, डबे ह्यांत वयाच्या सहा महिने पुढे. चित्रांच्या पुस्तकात बाईंनी कप कुठे, बूट कुठे, चेंडू कुठे विचारलं, तिन्ही बरोबर. भंगारात काढलेल्या जुन्या पुस्तकातलं हे पान आम्ही घरी रोज खेळतो, ह्याच क्रमाने, कप, बूट, चेंडू. आवाजाची तपासणी ह्या वयाला नसते, ती नऊ महिन्यांना उत्तीर्ण झाली की संपते.

बोलणं: एकही शब्द नाही. बाईंनी "वाट पाहावी" असा शेरा मारला.

हिला कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी नाही म्हटलं. ते डॉक्टर आमच्या केंद्राचीच मुलं बघतात. माझ्याच केंद्राने पूर्ण गुण दिलेलं माझंच मूल घेऊन जायचं, म्हणजे थोरल्या बाईंच्या कामावर अविश्वास दाखवणं. ही म्हणाली, तुम्हाला बाईंची पडलीये. मग आमचं बोलणं बंद झालं. आज चौथा दिवस. मशीन मात्र दिवसभर चालू असतं.

१९ डिसेंबर

ही वही माझी आहे, म्हणून लिहितो. परवा ही बाहेर गेली असताना बटणच्या मागे उभा राहून मी जोरात टाळी वाजवली. वळली नाही. डब्यांत गुंतली होती.

दुसऱ्यांदा वाजवली नाही.

१७ ऑक्टोबर (२ वर्षं ४ महिने)

ही मला न सांगता तिला घेऊन गेली. कानाच्या डॉक्टरांचा केंद्रात फोन आला, तुम्हीही या.

बटणच्या डोक्याला तारा लावून तिला झोपवलं होतं. ह्या तपासणीत मुलाने काही करायचं नसतं, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रच बघतं. पोचत नाही. दोन्ही कानांत दोष, तीव्र. डॉक्टर म्हणाले, जन्मतः थोडंफार ऐकू येत असणार, पहिल्या वर्षात हळूहळू गेलं. गरोदरपणात कधी ताप, गाठी? ही म्हणाली, तिसऱ्या महिन्यात. खात्रीने सांगता येत नाही, पण असं होतं, ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर ह्याच कामातले. वर्षाच्या आत आला असतात तर पुष्कळ फरक पडला असता."

बाहेर बाकावर तिघं बसलो. "मी सांगत होते" असं ही म्हणाली नाही. तिने बटणच्या केसांत चिकटलेला डिंक ओल्या रुमालाने पुसला, एकेक केस सोडवत. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर

रजा टाकली. अंघोळीनंतर बटणला जाड गादीवर बसवलं. कडं नाचवलं, मुठीत लपवलं आणि खुळखुळा डावीकडून वाजवला.

बटण उजवीकडे वळली. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. आणि माझ्याकडे बघून हसली, गुदगुल्यांसाठी पोट पुढे करून.

मी तिला गुदगुल्या केल्या. ती पावणेदोन वर्षं माझी परीक्षा देत होती आणि मी तिला उत्तरं पढवत होतो. रोज, अंघोळीनंतर, न चुकता. एखादा आळशी बाप असता तर तिचा दोष नवव्या महिन्यात सापडला असता.

२ नोव्हेंबर

थोरल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी जुना कागद काढला, बराच वेळ बघितला. म्हणाल्या, वळल्यावर ती काही शोधत नव्हती, नुसती मान फिरवत होती. मूल आवाज शोधतं तेव्हा डोळे थांबतात. मला ते दिसायला हवं होतं. मी म्हटलं, तुमची चूक नाही. त्या म्हणाल्या, तुमची आहे म्हणून माझी नाही असं होत नाही.

मला नोंदींच्या खोलीत बसवलंय. मुलं तपासायची नाहीत. योग्यच आहे. मैदान आणि पायवाटेचं भाषण आता मदतनीस करते, माझेच शब्द घेऊन. भिंतीपलीकडून ऐकू येतं. टाळ्या पडतात.

९ मार्च (२ वर्षं ९ महिने)

कानातली यंत्रं आली. मोठे आवाज कळतात, बोलणं नीट कळत नाही. बटण दिवसातून दहा वेळा काढून फेकते. मी दहा वेळा लावतो.

मी ठरवलंय, बटणला बोलतं करायचंच. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. आरशासमोर बसायचं, तिचा हात माझ्या गळ्यावर, प, ब, म. वेळ गेली असली तरी घाम गाळला तर वाट पडते, हे मीच सांगायचो.

हिने भलतंच काढलं. खुणांची शाळा चालवणाऱ्या एक बाई आहेत, त्या स्वतः जन्मापासून ऐकत नाहीत. ही आठवड्यातून तीनदा बटणला घेऊन त्यांच्याकडे जाते. मी विरोध केला. हाताने काम भागलं तर मूल तोंड कशाला उघडेल? ही म्हणाली, "मेंदूला बोलणं लागतं असं तुम्हीच सांगायचात ना लोकांना? तोंडानेच लागतं असं कुठे लिहिलंय? आता मी तुमच्यासाठी थांबणार नाही."

तुम्हीही चला, असंही म्हणाली. गेलो नाही. मी तिथे जाऊन खुणा शिकणं म्हणजे हार मानणं. एकाने तरी हट्ट धरायला नको का?

३० एप्रिल (२ वर्षं १० महिने)

बटणने आज पहिला शब्द काढला, हाताने. दोन्ही पंजे सपाट धरून पुढे सरकवले, सुईखाली कापड सरकवावं तसे. मशीन. शिकवलेला नव्हता, स्वतःच केला. हिने मशीन थांबवलं आणि तोच शब्द तिला परत केला. मग दोघी एकमेकींना मशीन मशीन म्हणत राहिल्या, ही रडत होती आणि बटण हसत होती.

पहिला शब्द म्हणून ह्याची नोंद करावी की नाही, मला ठरवता येत नाही. आमच्या चौकटीत फक्त उच्चारलेले शब्द धरतात. आरशासमोर आज "प" आला नाही.

११ ऑगस्ट (५ वर्षं २ महिने)

वही सव्वादोन वर्षं बंद होती.

बटण हाताने गोष्टी सांगते. लांबलचक, खोट्यानाट्या, डोळे मोठे करून. खुणांच्या शाळेच्या बाई म्हणतात, पाच वर्षांच्या मुलीला जेवढी भाषा हवी तेवढी तिला आता आहे, आईमुळे. तोंडाने सतरा शब्द येतात. परके लोक त्यातला एकही ओळखत नाहीत, मी सतराच्या सतरा ओळखतो.

आजची गोष्ट बरीच मोठी होती. ही हसून हसून बेजार झाली. मी विचारलं, काय म्हणतेय? ही सांगायला लागली, पण बटणने हनुवटीला हात लावून तिचा चेहरा आपल्याकडे वळवून घेतला. अजून संपली नव्हती गोष्ट.

१ सप्टेंबर

खुणांच्या शाळेत माझं नाव घातलं. वर्गात बाकी सगळ्या तरुण आया आहेत.

१९ नोव्हेंबर (१३ वर्षं ५ महिने)

सोळापर्यंत लिहायचं ठरवलं होतं, म्हणून धूळ झटकली.

बटण माझ्या खांद्याला लागते. गणितात वर्गात पहिली. खोलीचं दार लावून घेते, प्रत्येक प्रश्नाला खांदे उडवते. आमच्या केंद्रात पाय ओढत येणाऱ्या मुलांसारखीच, अगदी तंतोतंत. मेंदूचा पुढचा भाग अजून तयार व्हायचाय. ते बघून मला किती बरं वाटतं ते मी कोणाला सांगू शकत नाही.

माझे हात मात्र सुधारले नाहीत. आठ वर्षं झाली शिकतोय. रोजचं भागतं, जेवलीस का, शाळा कशी होती, छत्री घे. त्यापुढे अडखळतो. ह्या दोघी बोलायला लागल्या की हात दिसतच नाहीत मला, वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे नुसते हलतात. मी विचारतो, काय झालं? बटण हात झटकते. राहू दे. माझ्याशी बोलायचं झालंच तर सावकाश, एकेक शब्द सुटा करून आणि भुवया उंचावून बोलते. अठरा महिन्यांच्या मुलांशी मी तसाच बोलायचो.

२३ नोव्हेंबर

रविवार. कानाच्या नव्या यंत्राचा अर्ज बटण स्वतः भरत होती, जुन्या कागदांवरून. "दोष केव्हा लक्षात आला" ह्या रकान्यात तिने लिहिलं, २ वर्षं ४ महिने. मग पेन खाली ठेवलं. बराच वेळ जुने कागद चाळले, नऊ महिन्यांचा, अठरा महिन्यांचा. खालच्या कोपऱ्यात आमच्या केंद्राचा शिक्का आहे. ती पुढच्या खोलीत आईकडे गेली. मी दारातून बघत होतो, प्रश्न छोटा होता, मलाही कळला. एवढ्या उशिरा का? बाबा तर तिथेच होते.

हिने हातातलं काम ठेवलं. हिचं उत्तरही छोटं होतं. बाबांना विचार.

म्हणजे अकरा वर्षांत हिने तिला सांगितलंच नव्हतं. मी धरून चाललो होतो की त्या दोघींचं माझ्याबद्दल सगळं बोलून झालंय.

बटण माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. सावकाश, सुटे शब्द करून विचारलं.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. अकरा वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. जन्मतः तपासणी बरोबर आली होती. असा दोष हळूहळू येतो आणि भल्याभल्यांना चकवतो. पुस्तिकेचा क्रम ठरलेला होता. मूल फार हुशार असलं की तपासणी फसू शकते. हे सगळं तोंडात आलं आणि हात उचलल्यावर कळलं की ह्यातलं काहीच मला हाताने येत नाही. "हळूहळू" येत नाही, "तपासणी" येत नाही, "भल्याभल्यांना" तर कसं म्हणतात देव जाणे. कामापुरते जे शब्द येत होते ते एकेक काढून तिच्यापुढे ठेवले. आईला कळलं. आई म्हणाली, डॉक्टर. मी म्हटलं, नको.

तिने विचारलं, किती वेळा?

खूप वेळा.

का?

ह्यालाही मोठं उत्तर होतं. मी म्हटलं, आई बरोबर. मी चूक.

"चूक" म्हणताना माझा अंगठा चुकला असावा. तिने माझा हात धरला, अंगठा आत दाबून बसवला आणि पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. ती माझ्या हाताकडे बघत होती, तोंडाकडे नाही. मग तिने अर्ज उचलला, तो रकाना तसाच ठेवून बाकीचा भरायला खोलीत गेली.

ही दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. अकरा वर्षांत हे दोन शब्द मी हिला एकदाही म्हटले नव्हते, तोंडाने बोलता येत असून. आता म्हणावेत म्हणून वळलो, तोच ती म्हणाली, "कळलं मला," आणि लेकीच्या मागोमाग आत गेली.

दार लागलं. तासभर झाला, दोघी आत बोलतायत. मी बाहेर दाराला लागून खुर्चीवर बसलोय. मला काहीच ऐकू येत नाही.